शफी सरांनी वाचणं सोडलं तेव्हा

“मॅडम, अब्बांनी वाचणं सोडून देलं,” इरफान म्हणाला आणि त्यानं माझ्या केबिनचं दार आतून लोटून घेतलं.

बाहेर ओपीडी भरलेली होती. मोतीबिंदूचे पेशंट ड्रॉप घालून, डोळे मिटून बाकावर बसले होते. मी दिग्रसला डोळ्यांची डॉक्टर. लोक माझ्याकडे येतात ते दिसत नाही म्हणून, डोळा लाल झाला म्हणून, नाहीतर डोळ्यात कचरा गेला म्हणून. वडलांनी वाचणं सोडलं म्हणून आजवर कोणी आलं नव्हतं.

“नंबर वाढला असेल. आण त्यांना आत.”

“नंबराचं नाही वाटत मॅडम.” तो खुर्चीवर बसेना. “आधी माझं ऐका. ते बाहेर अम्मीजवळ बसले. त्यायच्यासमोर बोलता येत नाही.”

शफी सरांना मी ओळखत होते. उर्दू शाळेत ते मराठी शिकवायचे. रिटायर झाल्यावर वाचन हाच त्यांचा दिवसभराचा उद्योग. मराठी, उर्दू, हाताला लागेल ते. माझ्या वेटिंगमध्ये बसले, तर ड्रॉपच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा वाचून काढत आणि आत आल्यावर मला त्यातल्या शंका विचारत. घरातली बाकीची दोघं, म्हणजे त्यांची बायको हमीदाबी आणि हा इरफान, पुस्तकाच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. सर ते हसून सांगायचे.

“महिना होत आला असंल,” इरफान म्हणाला. “पेपर येते, तसाच पडून राह्यते. कपाट उघडून पाहत नाहीत. मी मुद्दाम नागपूरहून पुस्तकं आणली, तर त्यायनं सुतळीबी सोडली नाही. विचारलं की एकच. मन लागत नाही. बाहेर निघत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत.” मग त्यानं आवाज खाली आणला. “आणि माझं दुकान कायचं आहे तुमाले मालूम आहे.”

मालूम होतं. इरफानचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. दुकान खाली, घर वर.

“मी गोडाऊनले दोन कुलपं लावली. चाव्या झोपतानाबी खिशात ठेवून राह्यलो. मले भेव वाटते मॅडम.”

ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नव्हता. पेपर उघडला की ओळखीच्या गावाचं नाव दिसायचं आणि खाली आत्महत्येची तीच बातमी. घरातला माणूस जरा गप्प झाला की बायकापोरं त्याच्या मागे मागे फिरत. शेतकऱ्यांच्या घरात शिरलेली ही भीती नोकरीवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरातही पोचली होती. “मन लागत नाही” हे शब्द ऐकले की आम्ही डॉक्टरही सावध व्हायचो. इरफान वेडगळपणा करत नव्हता.

“यवतमाळले मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं, तर आठ दिवस जेवणारच नाहीत. तुमच्याकडे चष्म्याच्या नावानं आणलं. तुम्ही पहा, बोला त्यायच्याशी.”

मी त्यांना आत बोलावलं.

सर आले. पांढरा कुर्ता, इस्त्री केलेला. पण आत येताना त्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला चांगलाच लागला. त्यांनी तो चोळला आणि म्हणाले, “माझे डोळे उत्तम आहेत, डॉक्टर. हा मुलगा उगाच घाबरतो.” त्यांची मराठी कायम अशी, पुस्तकातली. मागून हमीदाबी आल्या आणि भिंतीलगतच्या स्टुलावर बसल्या.

मी त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं, समोरचा अक्षरांचा तक्ता लावला. “वाचा सर, वरून.”

सर तक्त्याकडे बघत राहिले. सगळ्यात वरचं अक्षर तळहाताएवढं होतं.

“आज राहू द्या.”

“एकच ओळ.”

“मन नाही हो.”

“घरीबी असंच म्हणतात,” हमीदाबी म्हणाल्या.

मी सरांच्या कपाळाकडे पाहिलं. पंखा डोक्यावर फिरत होता आणि त्यांना दरदरून घाम आला होता. मन लागत नसलेला माणूस कंटाळतो. त्याला असा घाम येत नाही. हा माणूस घाबरलेला होता.

आमच्याकडे दुसरा एक तक्ता असतो, ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यासाठी. त्यावर एकच खूण असते. इंग्रजी ई, पण दर वेळी वेगळ्या बाजूला वळलेली. पेशंटनं वाचायचं काही नाही. ईच्या दांड्या वर आहेत, खाली आहेत, की बाजूला, तेवढं बोटांनी दाखवायचं. मी तो लावला. हा तक्ता कोणासाठी असतो ते सरांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते बोटं दाखवायला लागले. वरून सुरुवात करून शेवटच्या, मुंगीएवढ्या ओळीपर्यंत. एकही चूक नाही.

म्हणजे चष्म्यासकट नजर उत्तम होती. मुंगीएवढी ई दिसते आणि तळहाताएवढं अक्षर वाचता येत नाही. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण असा पेशंट कधी बघितला नव्हता.

मी कागद-पेन दिलं. “सर, एक वाक्य लिहा. काहीही.”

त्यांचा चेहरा जरा उजळला. त्यांनी झरझर लिहिलं. अक्षर सुरेख, फळ्यावर लिहिणाऱ्याचं. “आज मी डोळे तपासण्यासाठी आलो आहे.” मी कागद घेतला, त्यांचं ब्लडप्रेशर बघायला पट्टा आणला, बांधला, इरफानशी काही तरी बोलले. मग तोच कागद परत त्यांच्या हातात दिला.

“हे वाचा.”

सर कागद जवळ धरून बघत राहिले. लांब धरला. परत जवळ आणला.

“हे कोणी लिहिलं आहे?” त्यांनी विचारलं.

हमीदाबींना आधी हसू आलं. त्यांना वाटलं, सर मस्करी करताहेत. मग त्यांनी सरांचा चेहरा पाहिला आणि ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

“डॉक्टर,” सर म्हणाले, “मी निरक्षर झालो आहे.”

मग ते सगळं सांगायला लागले. एके सकाळी नळाजवळ चक्कर आली होती. डोकं फार दुखलं. ऊन लागलं असेल म्हणून पडून राहिले. संध्याकाळी पेपर उघडला, तर पेपर परका.

“अक्षरं दिसतात. काळी, स्वच्छ. पण ती मराठी वाटत नाहीत. आदिलाबादच्या बसवर तेलुगू पाटी असते ना, तसं. वाटलं, सकाळपर्यंत ठीक होईल. झालं नाही. कोणाला सांगू? मराठीचा मास्तर, आणि अक्षर ओळखता येत नाही! लोक म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मलाही तसंच वाटतं आहे.”

“अब्बा, तुम्ही एवढे दिवस हे...” इरफान आता खुर्चीवर बसला.

“मन लागत नाही म्हटलं की कोणी जास्त विचारत नाही,” सर म्हणाले.

मला अजून एक गोष्ट तपासायची होती. मी त्यांच्या समोर बसले, माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही बाजूंनी बोटं हलवली. डावीकडची त्यांना लगेच दिसली. उजवीकडची दिसली नाहीत. एकेक डोळा झाकून पाहिलं, तरी तेच. दाराची चौकट त्यांना का लागली ते आता कळलं. उजवीकडची अर्धी दुनियाच गेली होती, आणि ती गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

पण नुसती उजवी बाजू गेली असेल, तर मराठी वाचायला जड जाईल, कारण ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढचं दिसत नाही. उर्दू उलट्या बाजूनं चालते, तर ती थोडी तरी जमली पाहिजे. आमच्या गावात उर्दू वाचणारे पुष्कळ, म्हणून मी जवळचा उर्दू तक्ताही ठेवते. तो सरांना दिला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला उर्दू येत नाही. तक्ता सरळ धरलाय की उलटा, हे बघायला मी तो हमीदाबींकडे दिला.

त्यांनी तो हात लांब करून धरला, डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या. “सिधाच आहे. पण मले वाचायले नका लावू मॅडम. कागद पाह्यला की कपाळ ठणकते माझं. लहानपणापासून.”

ते मी मनात ठेवलं. तेव्हा वेळ नव्हता. सरांचं प्रेशर फार वाढलेलं होतं आणि नाडीचे ठोके लयीत नव्हते. दोन लागोपाठ, मग खाडा, मग तीन.

मी इरफानला सोप्या शब्दांत सांगितलं. डोळा फक्त बघतो. बघितलेलं चित्र डोक्याच्या मागच्या भागात पोचतं आणि तिथून शब्दांच्या जागी जातं. मग आपल्याला वाचता येतं. सरांच्या मेंदूत त्या वाटेवरचा रक्तपुरवठा बंद पडलेला दिसतो. शब्द शाबूत आहेत, म्हणून ते बोलतात, लिहितात. डावीकडची नजर शाबूत आहे. मधली वाट तुटली.

“म्हणजे अब्बा उदास नाहीत?” त्यानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क आनंद होता.

“नाही. पण ठोके चुकले की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. एक गुठळी वर गेलेली असावी. दुसरी कधीही जाऊ शकते. ती कुठं जाऊन बसेल ते सांगता येत नाही. आत्ता यवतमाळला निघायचं, आजच स्कॅन करायचा.”

त्याचा आनंद तिथंच उतरला. एक भीती जाऊन दुसरी येईपर्यंत बिचाऱ्याला श्वास घ्यायलाही सवड मिळाली नाही.

“मी यवतमाळला येणार नाही,” सर म्हणाले. “तिथं दहा जण गोळा होतील आणि मला वाचून दाखवायला सांगतील.”

“सर, हे वेड नाही.”

“तुम्ही म्हणता.”

मी समजावलं, इरफाननं समजावलं. सर खुर्चीचे हात धरून बसले. शेवटी हमीदाबी स्टुलावरून उठल्या.

“जिंदगीभर तुमच्या पुस्तकांवरची धूळ मी झटकली,” त्या म्हणाल्या. “कधी म्हटलं का, कायले आणता एवढी? आज माझं एक ऐका. उठा.”

सर उठले.

मी बाहेरच्या पेशंटना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि त्यांच्याबरोबर इरफानच्या व्हॅनमध्ये बसले. खरं तर डोळ्यांच्या डॉक्टरचं तिथं काही काम नव्हतं. पण ते ठोके माझ्या बोटांना लागलेले होते. मला मागे राहवेना. निघण्याआधी यवतमाळच्या ओळखीच्या फिजिशियनना फोन केला. ते म्हणाले, लवकर आणा.

लवकर कसे पोचणार? कापसाचा हंगाम होता. दारव्ह्याच्या अलीकडे जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मॅटॅडोर, सगळे रस्त्यावर. कोणाचा भाव ठरेना, म्हणून फाटक बंद. इरफान हॉर्न वाजवत होता. मागून एसटीही हॉर्न वाजवत होती. पुढं काहीच हलत नव्हतं.

मी सरांचं मनगट धरून बसले होते. त्यांनी एकदम आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“डॉक्टर, हा हात जड झाला.”

“माझी बोटं दाबा.”

त्यांनी दाबली. बाळानं धरावी तशी पकड. ओठांचा उजवा कोपरा थोडा खाली आलेला मला दिसला. हमीदाबी पलीकडे बसल्या होत्या, त्यांना तो दिसत नव्हता. मी त्यांना काही बोलले नाही. इरफानला मात्र म्हटलं, “काही कर, पण गाडी काढ.”

तो उतरून धावत सुटला. “बिमार आदमी आहे गाडीत! बाजूले घ्या भाऊ, बाजूले घ्या!” दोन दिवसांपासून रांगेत उभे असलेले लोक होते ते. नंबर सोडणं म्हणजे अजून एक मुक्काम वाढणं. मला वाटलं, वाद होणार. पण पुढच्या बंडीवाल्यानं मान वळवून व्हॅनकडे पाहिलं, बैल हाकले आणि बंडी थेट रस्त्याखाली वावरात उतरवली. मग दुसऱ्यानं. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली मागे घेताना थोडा कापूस मातीत सांडला. त्यानं हातानंच खूण केली, निघा. आम्ही त्या चिंचोळ्या जागेतून बाहेर पडलो.

दारव्हा मागे पडेपर्यंत सरांच्या हातात ताकद परत आली. “हलका झाला,” ते म्हणाले आणि मूठ उघडून-मिटून दाखवली. हमीदाबींनी अल्लाचे आभार मानले. मला उलट जास्त भीती वाटायला लागली. अशी येऊन गेलेली कमजोरी म्हणजे मोठ्या झटक्याची सूचना असते. ती कधी खरी होईल याला नियम नाही. यवतमाळपर्यंतचा उरलेला रस्ता मी त्यांना बोलतं ठेवलं. काय बोललो आठवत नाही. शब्द स्पष्ट येताहेत ना, एवढंच मी ऐकत होते.

स्कॅनमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूला, डावीकडे, काळा डाग होता. फिजिशियननी फिल्म उजेडावर धरली आणि मला दाखवली. “हा जुना, महिन्याभराचा. ठोके बिघडलेत, तुमचं बरोबर आहे. आजचं वर्णन ऐकता उद्यापर्यंत थांबणं बरं नव्हतं.” सरांना लगेच भरती केलं, रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू केलं. कोणीही त्यांना वाचून दाखवायला सांगितलं नाही. प्रेशर आणि नाडीपुढं त्या डॉक्टरांना वाचनात काडीचा रस नव्हता. सरांना त्याचंच फार बरं वाटलं.

पुढचे काही दिवस मी दिग्रसला ओपीडी करत होते आणि फोन वाजला की दचकत होते. झटका आला नाही. सर घरी आले. पुढंही आला नाही.

वाचन मात्र परत आलं नाही. मेंदूचा जो भाग गेला, तो गेला. सरांनी स्वतःच एक युक्ती शोधली. अक्षरावरून बोट फिरवायचं, नाहीतर तेच अक्षर तळहातावर गिरवायचं. हात ओळखतो आणि डोक्याला सांगतो. “क... प... काप... कापूस.” दुकानाची पाटी वाचायला जमायची. पान वाचायचं म्हटलं, तर सकाळ जायची. थोड्या दिवसांनी त्यांनी पुस्तकांचा नाद सोडला. आणि मग इरफान परत माझ्याकडे आला. आता सर खरंच उदास झाले होते.

“त्यायले वाचून दाखवणारं कोणी पाह्यजे,” तो म्हणाला.

“तू दाखव.”

“मी? मॅडम, दोन पानं झाली की मले झोप येते.”

मी आधी त्याचेच डोळे तपासले. निर्दोष. नंबर नाही, काही नाही. डोकं दुखत नाही, अक्षर हलत नाही. “मग होतं काय वाचताना?”

“काही होत नाही. कंटाळा येते.”

मग मला हमीदाबींचं ठणकणारं कपाळ आठवलं. त्यांना बोलावून घेतलं. तपासलं, तर दोन्ही डोळ्यांना मोठा प्लस नंबर. हा दोष जन्मापासूनचा. लांबचं चालून जातं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण जवळचं बघायला डोळ्यांचे स्नायू सतत ताणावे लागतात. थोडं वाचलं की डोकं फुटायला येतं. त्यांनी शाळा चौथीतच सोडली होती. अभ्यास नको म्हणून रडायच्या, मास्तर म्हणाले डोकं नाही, घरच्यांनी काढून घेतलं.

“तुम्ही कोणाला सांगितलं का नाही, डोकं दुखतं म्हणून?” मी विचारलं.

“काय सांगायचं?” त्या म्हणाल्या. “मले वाटे, सगळ्यायचंच दुखते. ज्यायले आवड आहे ते सहन करतात. ह्यायच्याकडे पाहून मी म्हणो, किती सोसते हा माणूस!”

मी चाचणीची फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली, भिंगं घातली आणि हातात उर्दू तक्ता दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला, मग हळूहळू जवळ आणला. बराच वेळ धरून ठेवला. ठणका सुरू व्हायची वाट बघत होत्या. तो आला नाही. त्यांनी फ्रेम काढून टेबलावर ठेवली आणि ओढणीनं डोळे पुसले. मीही फाईल चाळायला लागले.

पुढं त्या सरांना वाचून दाखवायला लागल्या. आधी बोट ठेवून, एकेक शब्द जोडत, चुकतमाकत. उर्दू आधी, मराठी नंतर. सर चुका सुधारत. मास्तरकीचं काम परत मिळाल्यामुळं त्यांची उदासी बरीच हटली, असं इरफान म्हणाला. गोडाऊनचं दुसरं कुलूप त्यानं काढलं.

वर्षभरानं दोघं तपासणीला आले. मी हमीदाबींना विचारलं, “आता आवड लागली ना वाचायची?”

“आवड-बिवड काही नाही,” त्या म्हणाल्या. “पण ह्यायनं सगळी पुस्तकं आधीच वाचून ठेवली आहेत. शेवट ह्यायले मालूम. मी म्हणतो, त्या बाईचं पुढं काय होते सांगा, मले भाकरी टाकायच्या आहेत. तर सांगत नाहीत. म्हणतात, वाच. मग काय, पीठ तसंच ठेवून वाचा लागते.”

सर माझ्या डावीकडच्या खुर्चीवर बसून हसत होते.

आता माझ्याकडे कोणी आपल्या मुलाला, बायकोला, नवऱ्याला घेऊन आलं आणि म्हणालं की हे वाचत नाहीत, तर मी आधी डोळे तपासते, मग प्रेशर बघते, मग नाडी. काही सापडलं तर औषध असतं, नाहीतर चष्मा असतो. काहीच सापडलं नाही, तर सांगून टाकते की आजार नाही, ह्यांना पुस्तकं आवडत नाहीत. असे पेशंट फार खूश होऊन घरी जातात.